रुजवात नसलेली नक्कल

गेल्या पावसाळ्यात रावपुऱ्यातल्या एका काकूंचा अर्ज लागोपाठ तीनदा परत आला. आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी इथे बडोद्यात काही सेवा केंद्रांसाठी अर्ज भरायचं पान चालवते. दिवसभरात आलेले अर्ज रात्री एकगठ्ठा पुढच्या कचेरीच्या सर्व्हरकडे जातात. काकूंकडे जन्मतारखेचा कागद हाताशी नव्हता. आमच्या पानावर त्या रकान्यापुढे लाल तारा नव्हता, म्हणून केंद्रातली मुलगी त्यांना म्हणाली, "राहू द्या काकू, हे नाही भरलं तरी चालतं." सकाळी सर्व्हरचं उत्तर आलं: ४००, विनंती अवैध. का अवैध, त्याबद्दल एक अक्षर नाही. तिने पुन्हा पाठवला, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला काकू भर पावसात रिक्षा करून आल्या आणि म्हणाल्या, "माझं काय चुकलं ते तरी सांगा."

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. चूक शोधायला मला दीड दिवस लागला. ती एका प्रश्नचिन्हात होती.

त्या कचेरीने आपल्या एपीआयचं वर्णन मुळात रॅमल नावाच्या पद्धतीत लिहून घेतलं होतं. एपीआय म्हणजे दोन संगणकांमधला बोलण्याचा करार: कोणत्या पत्त्यावर जायचं, कोणते रकाने भरून द्यायचे, उत्तरात काय मिळेल. हा करार मशीनला वाचता यावा म्हणून तो ठरावीक पद्धतीने लिहितात, आणि अशा पद्धती एकाहून अधिक आहेत. कुणीतरी, कधीतरी, एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, चालवून ती रॅमल फाईल स्वॅगर नावाच्या दुसऱ्या पद्धतीत फिरवली. आमच्या हाती आली ती ही फिरवलेली फाईल.

रॅमल १.० मध्ये रकान्याचं नाव लिहिलं आणि पुढे काहीच म्हटलं नाही, तर तो रकाना सक्तीचा धरतात. ऐच्छिक असेल तर नावाच्या शेवटी प्रश्नचिन्ह जोडायचं. स्वॅगरमध्ये, आणि त्याचंच पुढे ओपनएपीआय झालं त्यातही, रीत उलटी आहे. काही म्हटलं नाही तर रकाना ऐच्छिक, आणि जे सक्तीचे असतील त्यांची नावं एका वेगळ्या यादीत घालायची. स्क्रिप्टने नावांमागची प्रश्नचिन्हं पुसली आणि यादी केलीच नाही. एका भाषेत गप्प राहणं म्हणजे 'हवंच', दुसरीत गप्प राहणं म्हणजे 'नसलं तरी चालेल'. सगळी नावं जागच्या जागी होती आणि अर्थ पालथा झाला होता.

आमच्या टीममधला सगळ्यांत धाकटा मुलगा तेव्हा म्हणाला, "पण ताई, फाईल तर व्हॅलिड आहे. मी स्वतः तपासली." खरंच होती. तपासणारं साधन व्याकरण बघतं. 'गाय दूध देते' आणि 'गाय दूध पिते' ही दोन्ही वाक्यं व्याकरणाला मान्य आहेत. गोठ्यात कोणतं लागू पडतं, ते व्याकरणाला विचारून कळत नाही.

हे सगळं प्रोग्रामरांच्या टेबलावरचं भांडण आहे, बाकीच्यांना त्याचं काय, असं वाटू शकतं. मला तसं वाटत नाही. घरपट्टी, शिष्यवृत्ती, पेन्शन, रेशन, दवाखान्याची नोंद, यांतलं जवळजवळ प्रत्येक काम आज कुठल्या ना कुठल्या एपीआयमधून जातं. नागरिकाला दिसतो तो शेवटचा रकाना. त्या रकान्यापुढे तारा असायचा की नाही हे ज्या फाईलमध्ये ठरतं, ती फाईल माझ्या दृष्टीने सरकारी दस्तऐवज आहे, आणि दस्तऐवजाला लागू असलेली शिस्त तिलाही लागू झाली पाहिजे. अस्सल प्रत कोणती हे कचेरीने जाहीर करावं. दुसऱ्या पद्धतीत नक्कल काढली तर काय गळलं, काय बदललं, कुठे अंदाज केला याची यादी तिच्यासोबत असावी. अशी यादी नसलेली नक्कल कचेरीच्या नावाने कुणाच्याही हाती देऊ नये. माझं म्हणणं एवढंच आहे, पण त्यावर मी ठाम आहे.

अस्सल, नक्कल, रुजवात (म्हणजे नक्कल अस्सलाशी ताडून बघणं) हे शब्द मी मुद्दाम दफ्तरातून उचलले आहेत. बडोद्यात मराठी घरांच्या माळ्यावर अजून मोडी कागदांची बासनं निघतात. आमच्याकडेही निघालं होतं. दांडिया बाजारात राहणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांकडून आम्ही त्या कागदांची बाळबोध, म्हणजे देवनागरी, नक्कल करून घेतली. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, शब्द तोडून लिहीत नाहीत, विरामचिन्हं नसतात. बाळबोधीत आणताना हे सगळं वाचणाऱ्याला ठरवावं लागतं, म्हणजे मुळात नसलेली माहिती त्याला पदरची घालावी लागते. त्यांनी दिलेल्या नकलेत चौकोनी कंसांत जागोजाग प्रश्नचिन्हं होती. खाली वेगळी टीप होती: ओळ ७, कागद फाटलेला, आकडा लागत नाही, ओळ ११, नाव 'सखाराम' की 'शिवराम', नक्की नाही. मी त्यांना म्हटलं, काका, एकच काहीतरी लिहून द्या ना, वाचायला बरं पडेल. ते म्हणाले, "अगं, मी मनाने नाव घातलं तर उद्या कुणीतरी ते कागदातलंच समजेल."

स्वॅगर फाईल बघताना मला ती टीप आठवत होती. आमच्या त्या फाईलमध्ये एकही चौकोनी कंस नव्हता.

हे शहर अशा कामाला नवखं नाही. एका भाषेतला कारभार दुसऱ्या भाषेत नेताना शब्दाचा नेमका अर्थ पोचला पाहिजे, ही काळजी इथल्या दरबाराने केली होती. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९३१ साली, 'श्री सयाजी शासन शब्द कल्पतरु' निघाला, राज्यकारभारातल्या शब्दांचा आठ भाषांतला कोश. गुजराती रयत, मराठी कारकून, इंग्रजी पत्रव्यवहार, फारसी वळणाची जुनी दफ्तरं अशा गावात हुकमाचा एक शब्द इकडचा तिकडे झाला तर जमीन इकडची तिकडे होते, याची त्यांना जाण होती. एपीआयच्या पद्धतींमध्ये आज तसलीच गर्दी आहे.

ही गर्दी झाली कशी, ते थोडक्यात सांगते. २००१ सालची डब्ल्यूएसडीएल ही एक्सएमएलमधली पद्धत जुन्या बँकिंग आणि सरकारी प्रणालींत अजून जिवंत आहे. २०१३ मध्ये रॅमल आणि एपीआय ब्लूप्रिंट या दोन पद्धती आल्या. स्वॅगर त्याआधीपासून होतंच, त्याची २.० आवृत्ती २०१४ ची. २०१५ च्या अखेरीस ते लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेलं आणि पुढच्या वर्षी त्याचं नाव ओपनएपीआय झालं. ३.० आवृत्ती २०१७ ची, ३.१ आवृत्ती २०२१ ची. रॅमल काढणारी म्यूलसॉफ्ट कंपनीही २०१७ मध्ये ओपनएपीआयच्या गटात सामील झाली. शर्यत संपली, पण आधीच्या फाईली राहिल्या. माणसं नोकऱ्या सोडून गेली, कंत्राटं संपली, आणि ड्राइव्हवर रॅमलच्या, ब्लूप्रिंटच्या, पोस्टमन कलेक्शनच्या (सर्व्हरला पाठवून बघितलेल्या विनंत्यांचा साठा) फाईली पडून आहेत. म्हणून रूपांतराला माझा विरोध नाही, ते करावंच लागतं. ज्या पद्धतीची साधनं आता कुणी सांभाळत नाही, तिच्यात करार कोंडून ठेवणं म्हणजे न वाचता येणारं दफ्तर सांभाळत बसणं.

मात्र गळती सगळीकडे सारखी नसते. स्वॅगर २.० मधून ओपनएपीआय ३.० मध्ये जाताना बरंचसं काम सरळ असतं. होस्ट, मूळ मार्ग आणि प्रोटोकॉल हे तीन तुकडे एकत्र होऊन सर्व्हरचा पत्ता होतो, 'डेफिनिशन्स' नावाचा कप्पा 'कंपोनंट्स'खाली जातो, विनंतीचा मुख्य मजकूर (बॉडी) म्हणून दिलेला पॅरामीटर, म्हणजे विनंतीसोबत जाणारी किंमत, वेगळा काढून रिक्वेस्ट बॉडी होतो. पण मध्येच एखादी जागा अडते. एकाच पॅरामीटरमध्ये अनेक किमती द्यायच्या असतील तर २.० मध्ये त्या स्वल्पविरामाने, स्पेसने, उभ्या रेघेने किंवा टॅबने तोडायची मुभा होती. ३.० मध्ये टॅबला जागाच उरली नाही. तिथे रूपांतर करणाऱ्या साधनाने काय करावं? गुपचूप स्वल्पविराम घालावा, की थांबून सांगावं?

उलट दिशेने, म्हणजे ३.० मधून २.० मध्ये यायचं, तर गळती फार मोठी. जुनं गेटवे (विनंत्या पुढे सोडणारा मधला नाका) २.० च वाचत असेल तर ही वेळ येते. 'यांपैकी नेमका एक' असं सांगणारं 'वनऑफ' २.० ला माहीतच नाही. आधार नाही तर मतदार ओळखपत्र, दोहोंपैकी एकच द्या, असा नियम ३.० मध्ये नीट लिहिता येतो. २.० मध्ये उतरताना तो एकतर 'दोन्ही द्या' होतो किंवा 'काहीही द्या'. कुकीमधून जाणारा पॅरामीटर नाहीसा होतो, कॉलबॅक, म्हणजे सर्व्हरने नंतर उलट पाठवायच्या खबरा, नाहीसे होतात. दीर्घ-ऱ्हस्व असलेलं बाळबोध मोडीत लिहायला घ्यावं तसंच हे: जे लिहायची सोयच नाही ते सुटतं, आणि वाचणाऱ्याला काही सुटलं आहे याचा पत्ताही लागत नाही.

३.० ते ३.१ हा प्रवास तर नावावरून किरकोळ वाटतो. तो तसा नाही. 'शून्यापेक्षा जास्त' हे ३.० मध्ये दोन ओळींत लिहितात: किमान शून्य, आणि 'ते किमान धरू नका' अशी हो-नाही खूण. ३.१ मध्ये ती हो-नाही खूण गेली आणि त्या जागी थेट आकडा आला. फिरवणाऱ्याने खूण टाकून दिली आणि किमान तेवढं ठेवलं, तर शून्य रुपयांची पावती वैध होते. रिकामी किंमत चालते हे सांगायची ३.० मधली खूणही ३.१ मध्ये काढून टाकली आणि तीच गोष्ट वेगळ्या रीतीने लिहायला सांगितली.

पद्धत तीच राहिली आणि फाईल नुसती यामल या लेखनाच्या साच्यातून जेसन या दुसऱ्या साच्यात नेली, तरी हात पोळतो. बडोद्याचा एसटीडी कोड ०२६५. नमुन्याच्या किमतीत तो अवतरणाशिवाय लिहिला आणि वाचणारं साधन यामलच्या जुन्या, १.१ च्या नियमाने चालत असलं, तर पुढचं शून्य बघून ते आकडा आठच्या पटीत मोजतं आणि तुमच्या हाती १८१ देतं. १.२ च्या नियमाने वाचलं तर २६५. आमच्या गावाचा कोड मात्र दोन्हींत हरवला. त्याच फेरीत मराठी वर्णनांचेही हाल होतात. पायथनमध्ये नेहमीच्या रीतीने जेसन लिहिलं की 'वडोदरा'तला 'व' गायब होऊन त्या जागी उलटी तिरपी रेघ, यू आणि ०९३५ उमटतं. मशीनला फरक पडत नाही. पण रकान्यात काय भरायचं हे कचेरीतल्या माणसाने मराठीत किंवा गुजरातीत लिहिलं, ते तपासणाऱ्या माणसाला वाचता येत नाही, आणि जे वाचता येत नाही ते कुणी तपासत नाही. देशी भाषेतली वर्णनं एपीआयच्या फाईलींत आधीच दुर्मीळ आहेत. जी आहेत ती तरी डोळ्यांना दिसली पाहिजेत.

एवढं ऐकल्यावर एक सूचना हमखास येते: सगळ्यांनी ओपनएपीआयची ताजी आवृत्ती वापरावी, भानगड संपली. नव्या कामासाठी ती सूचना मला मान्य आहे. पण २०१४ मध्ये स्वॅगर २.० हीच ताजी आवृत्ती होती. एका पद्धतीत आल्याने रूपांतर संपत नाही, ते आवृत्त्यांमध्ये सुरू राहतं.

दुसरी सूचना हल्ली जास्त ऐकू येते: एआयला द्या, तो क्षणात फिरवून देईल. मी देऊन बघितलं आहे. फाईल सुरेख येते, वर्णनंही नीट भरलेली असतात, आणि धोका तिथेच आहे. रिकामी जागा दिसली की त्याला शोभेल ते तो भरतो. कुठे वाचलं आणि कुठे भरलं, याचा माग ठेवत नाही. दांडिया बाजारातल्या काकांनी जे करायला नकार दिला तेच काम तो फार सफाईने करतो. त्याच्याकडून पहिला कच्चा मसुदा जरूर घ्यावा. त्यावर सही मात्र मूळ फाईल शेजारी उघडून बसलेल्या माणसाची हवी.

याउलट, साधनाला खरं बोलायला शिकवता येतं, याचा दाखलाही आहे. स्वॅगर २.० वरून ओपनएपीआय ३.० कडे नेणारं 'स्वॅगर-टू-ओपनएपीआय' नावाचं एक मोफत साधन आहे. जिथे सरळ फिरवता येत नाही तिथे ते एरवी अडून बसतं. पुढे जा असं सांगितलं तर जातं, पण फाईलमध्ये त्याच जागी इशारा लिहून ठेवतं. ओपनएपीआयमध्ये 'एक्स' आणि आडव्या रेघेने सुरू होणारे आपल्या मनाचे रकाने घालायला परवानगी आहे, त्याचाच तो उपयोग करतं. म्हणजे चौकोनी कंसाची सोय पद्धतीतच आहे. ती वापरायची सवय नाही, कारण ती मागणारा कुणी नाही.

मागणारा कोण असावा? काम देणारा. केंद्र सरकारने २०१५ मध्ये खुल्या एपीआयबद्दलचं धोरण काढलं. सरकारी प्रणालींनी आपले एपीआय उघडे करावेत हे त्याने तत्त्व म्हणून मान्य केलं, आणि ते चांगलंच झालं. पण उघडं करणं म्हणजे फाईल ठेवून देणं, इथेच बहुतेक ठिकाणी गाडी थांबते. माझ्या कामात मला एकाच सेवेसाठी तीन वस्तू मिळाल्या आहेत: एक वर्डची फाईल, एक पोस्टमन कलेक्शन, एक स्वॅगर. तिन्हींवर तारीख नाही आणि तिन्हींत रकान्यांची संख्या वेगळी. पोस्टमन कलेक्शन तर करारच नसतो. ते 'मी एकदा असं विचारलं होतं' याचं उदाहरण असतं, आणि उदाहरणावरून नियम काढणं हा निव्वळ अंदाज. म्हणून टेंडरच्या मसुद्यातच लिहायला हवं की अस्सल प्रत एकच असेल, तिच्यावर आवृत्ती आणि तारीख असेल, ती सगळ्यांना वाचता येईल. इतर प्रती तिच्यापासून काढलेल्या असतील आणि प्रत्येकीसोबत फरकांची यादी असेल. यात खर्च किती? ज्याने फिरवायचं काम केलं आहे त्याला फरक माहीतच असतात. ते लिहून काढायला एक दुपार पुरते. न लिहिल्याने गेलेला माझा दीड दिवस आणि काकूंच्या तीन खेपा कुठल्याच बिलात दिसत नाहीत.

यादी खरी आहे की नाही हे बघायलाही एक जुनी रीत आहे. नक्कल तयार झाली की एकाने अस्सल वाचायचं आणि दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवायचं. जमलं की कागदावर 'रुजू' असा शेरा. एपीआयच्या बाबतीत पुष्कळ जण इकडून तिकडे आणि तिकडून इकडे फिरवून बघतात, आणि मूळ फाईल परत मिळाली की समाधान मानतात. त्यावर विसंबू नये. एकच चुकीची समजूत जाताना आणि येताना दोन्हीकडे असेल, तर दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि फाईल जशीच्या तशी परत येते. खरी रुजवात सर्व्हरसमोर होते. एकेक सक्तीचा रकाना रिकामा ठेवून चाचणीच्या सर्व्हरकडे अर्ज पाठवायचा आणि तो नाकारला जातो का बघायचं. मग एकेक ऐच्छिक रकाना रिकामा ठेवायचा आणि तो स्वीकारला जातो का बघायचं. हे आपोआप करणारी स्क्रिप्ट आमच्या त्या धाकट्या मुलानेच लिहिली, आणि जन्मतारखेचा रकाना पहिल्याच फेरीत लाल झाला. इतक्या सोप्या तपासणीची सोय प्रत्येक सार्वजनिक सेवेने द्यायला हवी. त्यासाठी चाचणीचा सर्व्हर चालू ठेवणं ही कचेरीची जबाबदारी आहे, मेहेरबानी नाही.

आता आमच्याकडे त्या सेवेची मूळ रॅमल फाईल आहे. बरीच पत्रं लिहिल्यावर मिळाली. तिच्यावरून आम्ही नवी ओपनएपीआय फाईल काढली आणि सोबत फरकांची यादी केली. पहिल्या ओळीत ते प्रश्नचिन्ह आहे. काकूंच्या शाळेचा दाखला त्यांच्या पुतण्याला सापडला आणि चौथ्या खेपेला अर्ज गेला. यादीत सध्या एकोणीस ओळी आहेत, त्यांतल्या अठरा निकाली निघाल्या. सतरावी उरली आहे. 'अर्ज मिळाल्याची वेळ' हा रकाना रॅमलमध्ये तारीख आणि वेळ असा आहे, पण टाइमझोनशिवाय. त्यासाठी रॅमलकडे वेगळा प्रकारच आहे. ओपनएपीआयच्या नेहमीच्या तारीख-वेळेला टाइमझोन लागतोच. ती वेळ भारतीय धरायची की ग्रिनिच, हे फाईलवरून ठरत नाही. शेवटच्या तारखेला रात्री आठ वाजता आलेला अर्ज भारतीय वेळेने मुदतीत बसतो. तेच आठ ग्रिनिचचे धरले तर इथे दुसरा दिवस उजाडून रात्रीचा दीड वाजलेला असतो, आणि अर्ज उशिराचा ठरतो. आम्ही तिथे कोणताही टाइमझोन घातलेला नाही. रकान्याशेजारी इशारा लिहिला आहे आणि कचेरीला दोनदा विचारलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.